‘लेट’ शब्दाचे दोन दिवस

६ जानेवारी १९५८, सोमवार
एस.एस.सी.ला यंदा बाहेरून बसायचंच. बाकी विषय जमतील, इंग्रजीची धास्ती. शाळा सुटल्यावर उजेड आहे तोवर रोज दहा शब्द. आज ‘लेट’ आला. मुलं उशिरा येतात तेही लेट, आणि धड्यातला मेलेला राजाही लेट. गाइडात दोनच अर्थ दिलेत, ते वहीत उतरवले: उशिरा, कैलासवासी.
शेजारच्या हमीदाबीनं कुंपणावरून तांदळाच्या दोन भाकऱ्या दिल्या, गरम. मी तिच्याकडचं खाते-पिते हे आमच्या हेडमास्तरांना आवडत नाही. न आवडू दे. आगरदांड्यात बदली होऊन आले तेव्हा पहिला हंडा तिनंच भरून दिला होता.

९ जाने., गुरुवार
हमीदाबीला मुंबईहून पत्र आलं. तिचा नवरा युसूफ बोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामावर आहे. पाच महिने त्याची खबर नाही. पत्र त्याचं नव्हतं, कंपनीचं, इंग्रजीत टाइप केलेलं. नेहमीसारखी माझ्याकडे घेऊन आली.
पहिल्याच ओळीत युसूफचं नाव, आणि पुढे ‘लेट ऑफ अवर स्टीमर’. खाली हॉस्पिटल, कुठल्याशा लांबच्या बंदराचं नाव, आणि त्याची पेटी कचेरीत पडून आहे, घरच्यांनी घेऊन जावी. मधले दोन-तीन लांब शब्द मला येत नव्हते. पण जे येत होते ते पुरे होते.
ती समोर उभी. मी म्हटलं, शब्द अवघड आहेत, बघून सांगते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि गेली. पत्र माझ्याकडेच.
मला ‘ह्यां’ची बातमी दिली ती भर अंगणात. तारेचा कागद घेऊन आलेला माणूस मोठ्यानं वाचत होता, शेजारीपाजारी गोळा झालेले, आणि माझ्या हातात पीठ. पाच वर्षं झाली. तसं मी कुणाला सांगणार नाही. पण मग कसं सांगू?

१० जाने.
राहवेना म्हणून पत्र हे.मा.ना दाखवलं. चूक केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं नि म्हणाले, स्पष्ट आहे, लेट म्हणजे गेला, पेटी परत येते ती माणूस गेल्यावरच. असल्या गोष्टी दडवून ठेवू नयेत, आज संध्याकाळी मी त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन चार वडीलधाऱ्यांच्या कानावर घालतो.
आजवर त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही. आज म्हटलं, एक दिवस थांबा. उद्या शनिवार, सकाळची शाळा, सुटल्यावर मुरुडला इंग्रजीचे जुने मास्तर आहेत त्यांना दाखवून येते. पत्र घडी घालून परत दिलं. मग ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ एवढंच.
घरी मागच्या दारानं आले. हमीदाबी पुढे बसून भात पाखडत होती. तिच्या आंधळ्या सासूचं बोलणं ऐकू येत होतं, युसूफ लहानपणी किती खायचा, असलं काही.

११ जाने., शनिवार
टांग्यानं मुरुड. मास्तर हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून आता घरी असतात. मला कधी शिकवलेलं नाही, तरी ओसरीवर बसवून पाणी दिलं. पत्र वाचून त्यांनी विचारलं, “रडायला काय झालं यात?” मी रडत होते हे मलाच कळलं नव्हतं.
मग समजावून सांगितलं. लेट म्हणजे उशिरा. लेट म्हणजे मयत. लेट म्हणजे अलीकडचा. आणि लेट म्हणजे पूर्वी तिथे असलेला, आता नसलेला. आजारी पडला म्हणून युसूफला बंदरात उतरवलं, बोटीवरून त्याचं नाव कमी केलं, म्हणून तो त्या बोटीचा ‘लेट’. पेटी तेवढी बोटीबरोबर मुंबईला आली. मला न आलेल्या लांब शब्दावर, कॉन्व्हलेसंटवर, त्यांनी बोट ठेवलं. दुखण्यातून उठत असलेला. म्हणाले, “शब्द एकटा वाचू नये, पोरी. शेजारी कोण बसलंय ते बघावं.”
उठताना मात्र त्यांनी तारखेकडे लक्ष वेधलं. टाइप केलेली तारीख डिसेंबरच्या सुरुवातीची. तेव्हा तो बरा होत होता. आजचं कुणी सांगावं.
तरी टांग्यात बसल्यावर हात जोडले. कुणाला जोडले, ठाऊक नाही.
परत येऊन थेट हमीदाबीच्या पडवीत. सगळं सांगितलं, तारखेसकट. मला काय वाटलं होतं तेही. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला. म्हणाली,
“मला समजलं व्हतं, बाई. दोन दिस तुमी आमच्याकडं पानी न्हाय पिलात.”
मग विचारलं का नाहीस, म्हटलं.
“इचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं.”
पाणी मागून प्यायले. दोन तांबे.

१२ जाने.
मास्तरांनी काय सांगितलं ते काल संध्याकाळीच हे.मा.ना चिठ्ठीनं कळवलं होतं. आज ते स्वतः दारात. आत आले नाहीत. आपली मोठी डिक्शनरी ठेवून गेले, परीक्षा होईपर्यंत असू दे म्हणाले. ‘लेट’पाशी कागदाची खूण घातलेली. चांगला माणूस. मी कोतं लिहिलं होतं.

१४ जाने.
संक्रांत. हमीदाबीच्या सासूला तिळगूळ दिला. दात नाहीत, चघळत बसली. तिला आम्ही काहीच सांगितलेलं नाही. कंपनीला पत्र लिहिलं, इं.त, माझं पहिलं. मास्तरांनी दोन चुका काढल्या, दोनच!

३० जाने.
कंपनीचं उत्तर. हॉस्पिटलांतून सुटलेले काही खलाशी पुढल्या आठवड्यात बोटीनं मुंबईला पोचतील. नावं कळलेली नाहीत. हमीदाबी म्हणाली, मी जाते. पण कचेरीत बोलणार कोण, वाचणार कोण? तिनं विचारलं नाही. मीच म्हटलं, येते.

१ फेब्रु.
हे.मा.नी चार दिवसांची रजा दिली. का ते विचारलंसुद्धा नाही. अभ्यास मागे पडेल, पडो. एकटी बाई परगावी राहते म्हणून माहेरी काळजी करतात. त्यांना कसं सांगू, मी इथं किती माणसांत आहे.

४ फेब्रु., मंगळवार, सकाळ
धक्क्यावर बसून लिहितेय. आम्हाला मुंबईला नेणारी आगबोट अजून दिसत नाही. सासूला हमीदाबीच्या जावेकडे सोडलंय, मुंबईला दवा आणायला जातो असं सांगून. खलाशांच्या त्या बोटीत तो असेल की नसेल, मुंबईला गेल्यावरच कळेल. हमीदाबीनं बोचकं सोडून दाखवलं. त्याच्या दोन लुंग्या, ईदचा सदरा, टोपी. वर सुईदोरा. मी बघितलं तशी म्हणाली, दुखण्यात मानूस उतरतो, सदरा ढिला झाला तर तिथंच आत घेईन.