काकांनी दिलेली दोरी

तीर्थरूप अनिलकाका,

लांबूनच वाकलोय, गोड मानून घ्या. (जवळ येऊन वाकलो की तुम्ही आधी स्वतःचे खिसे चाचपता.) शुगर कशी आहे? काकीचा गुडघा? गणपतीत तुमच्या गाडीच्या एसीत सुकट सापडली तेव्हापासून मी फॅमिली ग्रुपबाहेर आहे, म्हणून हे पोस्टाने. दहावी दोन फेऱ्यांत काढलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तर तुम्ही काढलेलं 'अनिलशेठ बचाव पथक' जोरात आहे. पथकात मी, मासळीच्या टेम्पोवाला संदेश (वर दोरी त्याच्याच कमरेला बांधतो, झाडापेक्षा भरवशाचा) आणि चिपळूणला ट्रेनिंग घेऊन आलेली दिशा. तुम्ही पाठवलेल्या टी-शर्टांवर पुढे तुमचं नाव, मागे तुमचा फोटो. दोरी तर एक नंबर. आणि बॅनर. कुठलंही काम असो, टी-शर्ट अंगात हवा आणि बॅनर फोटोत दिसलाच पाहिजे, ही तुमची अट आम्ही मोडत नाही.

गेल्या आठवड्यात येसूबाई बोंबलत आली. आपल्या वाडीतली, शेरडांवर घर चालवणारी. (तुम्ही लहानपणी तिच्याच शेरडीच्या दुधावर वाढलात, असं ती सगळ्यांना सांगते. तुम्ही सांगत नाही.) तिची शेरडी चांदी आणि चांदीची दोन पिल्लं कड्यावरून घसरून खालच्या टप्प्यावर अडकलेली. त्याच्याखाली समुद्र. आता शेरडं तिकडे कशाला मरायला गेली, असं तुम्ही विचाराल. तर पूर्वी ती तुमच्या आंब्याच्या कलमांमधल्या पायवाटेने पाण्यावर जायची. आजोबांच्या दगडी गडग्याला बेडं होतं, बांबू सरकवला की माणूस-जनावर पार. तुम्ही गडगा पाडून चिऱ्याचं कंपाउंड घातलंत, लोखंडी गेट लावलंत, आणि चावी नेलीत ठाण्याला. मग शेरडं जातात बाहेरून. कंपाउंड आणि कडा यांच्यामध्ये तुम्ही हातभर जागा सोडलीत. (शेरडाला पुरते. पिल्लू मधेच ढुशी मारून दूध मागायला लागलं तर नाही पुरत.)

मी दोरीला लटकून उतरलो. पहिलं पिल्लू बगलेत घेतलं, तर त्याने छातीवरचं तुमचं नाव चघळायला घेतलं. 'अनि' खाल्लं, 'लशेठ' राहिलं. दुसरं माझ्या डोक्यावर मुतलं. वरून येसूबाईचं चालूच, "मेल्या, नीट धर! पोर हाय ता, फणस न्हाय!" दोन्ही वर पोचवली. मग चांदीसाठी परत उतरलो. हात पुढे केला, ती वायच पुढे आली, नाक लावणार एवढ्यात वाऱ्याने वरचा बॅनर एका टोकाने सुटला. सहा फुटी तुमचं हसतं तोंड फडफडत अंगावर येताना बघून चांदीने समुद्राकडे उडी मारली.

येसूबाई मग ओरडली नाही. पिल्लं ओच्यात घेतली आणि मला म्हणाली, "यांना बाटलीने पाजीन रे. पन उद्या पान्यावर जायाला वाट हीच ना?" संदेश दोरी गुंडाळायच्या निमित्ताने पाठ करून उभा राहिला.

आणि तुम्ही ग्रुपवर टाकलंत (दिशाने दाखवलं), 'माझ्या पथकाने दोन मुक्या जिवांना जीवदान दिले.' खाली अंगठ्यांचा ढीग. चांदीचं नाव नाही. बरोबर आहे, ती फोटोत नव्हती.

काकीला नमस्कार. गोड कमी खा.

तुमचा ग्रुपबाहेरचा पुतण्या,
सर्वेश

ता. क. मुद्दा राहिलाच. नवी दोरी पाठवू नका, हेल्मेटं तर नकोच. कंपाउंडला पूर्वीसारखं बेडं ठेवायची परवानगी द्या. मग पथकाला काम उरणार नाही, तेवढं सहन करा.

आणखी एक ता. क. पोस्टाला वेळ लागतो आणि शेरडांना रोज तहान लागते, म्हणून परवानगी मिळाली असं धरून चाललो. काल तुमची दोरी तुमच्या गेटला बांधली, दुसरं टोक संदेशच्या टेम्पोला. गेट चिऱ्यांसकट आलं. दोरीला ओरखडा नाही, वस्तू घ्यावी तर तुम्हीच. अटही पाळली, टी-शर्ट तिघांच्याही अंगात होते. गेटच्या जागी बेडं घातलंय आणि बाजूला तुमचा बॅनर लावलाय. चांदीच्या पिल्लांनी तो खालून खायला घेतलाय. हसण्यापर्यंत अजून पोचली नाहीत.