रक्त परतल्यावरचा सांगावा

१४ ऑक्टोबर, वाशीम
मायचं आतडं जिवंत आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन स्वतः दुजोरा दिला.

जांघेतल्या हर्नियात आतड्याचा वेढा अडकला, त्याचा रक्तपुरवठा तुटला. गाठ जुनीच, नऊवारीच्या काष्ट्यात झाकलेली. आसेगावला सोयाबीन सोंगून होईस्तोवर बोलली नाही. गाडीत माझ्या बायकोला, सुनंदाला, ओकाऱ्या काढता काढता म्हणाली : "अशा जागेचं पोराले काय सांगू, सूनबाई?"

वेढा सोडवला तेव्हा काळाजांभळा होता. कापायचीच तयारी. तरी बाईंनी कोमट सलाइनच्या कपड्यात गुंडाळून ठेवला. सगळे नुसते बघत. मग कडेकडेनं गुलाबी रंग चढत गेला. एक पट्टा शंकेचा. तोही न कापता ठेवलाय.

मी पाहिलं नाही. तरी डोळ्यांपुढून जात नाही.

१५ ऑक्टोबर
ताप. नाडी जलद. मला वाटलेलं, रक्त आलं, सुटलो. बाई म्हणाल्या, "तिथूनच सुरू होतं." उपाशी राहिलेल्या पेशी, रक्त परतलं की, रसायनांचे सांगावे धाडतात. सायटोकाइन. पांढऱ्या पेशी धावत येतात आणि मदतीच्या त्या गर्दीत चांगला भागही तुडवला जातो. कधी पार फुप्फुसंसुद्धा.

वार्ताहर म्हणून पोहरादेवीच्या यात्रेची बातमी इतकी वर्षं केली. एक हाक येते, गर्दी हलते. हाक कुणाची ते कुणालाच ठाऊक नसतं. इथे तर हाक मारणारा दिसतही नाही, आणि त्याच्या शब्दावर अख्खी माय तापलीय. तिच्या कपाळावर हात ठेवला. काढवेना.

१६ ऑक्टोबर
ताप उतरतीला. नाडी अजून... पोट फुगलेलंच.

माय : "नाकात नळी कायले? मले भूक लागून राह्यली."
सुनंदा : "आधी वारा सरू द्या, आई."
माय माझ्या हातातल्या वहीकडे बघत : "हा काय आता माह्या पादाची बातमी लिवते?"
सुनंदा हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी बाईंनी स्टेथोस्कोप पोटावर ठेवून मला ऐकवलं. लांब कुठेतरी आतडं हलल्याची एक गुडगुड. मग काही नाही. पुन्हा कान लावला. काही नाही.

सकाळी बाई येतील. तोवर वारा सरला, नाडी खाली आली, तर नळी काढून घोटभर पाणी. नाही तर पोट पुन्हा उघडून तो पट्टा बघायचा.