गाडीले काही झालं नाही

संघर्ष,

दारात गाडी दिसली नाही म्हणून घाबरू नको, मीच नेली. तू येतो म्हणला, पण मागच्या खेपेलेही म्हणलाच होता, म्हणून वाट पाहत बसलो नाही.

इंजिनचा लाइट लागत होता, तर काल बुलढाण्यात तपासून आणली. नुसतं मशीन लावायचे मेकॅनिकनं आठशे घेतले अन् वरून म्हणे, "काका, बिघाड काहीच नाही. उभी राहून राहून बॅटरी उतरली. हप्त्यातून एकदा दूर नेत जा."

मी विचारलं, "कोणाकडे?"

ते काही त्याच्या मशीनमधी निघालं नाही.

आज जानेफळपर्यंत जाऊन येतो. तिथं आपलं कोणी नाही. भाकरी दोघांच्या केल्या आहेत. आला असशील तर मी येईपर्यंत निघू नको.

बाबा