देवदूत पदरचं घालत नाहीत

प्रिय ताई,

धाकट्याचा मान खाली घालून सलाम. (मान खाली का, ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं दुपारचं वाचन, म्हणजे पेपर तोंडावर पसरून घोरणं, पूर्वीसारखंच सुखरूप चालू असेल अशी आशा करतो. इकडे बाकी सगळे खुशाल. आमच्या हिची कंबर धरली होती, ती परवा सुटली; आता हिने मला धरलं आहे. दादाच्या घशाचं येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहील का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. तुम्ही दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत आणि मधले सगळे निरोप मीच वाहिले, तेव्हा हेही मीच कळवायला हवं. फोनवर दादाचं नाव निघालं की तू रिसीव्हर ठेवतेस, म्हणून पत्र. कागद फाडण्याआधी माणूस तो निदान एकदा वाचतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

पण आधी देवदूतांचं सांगतो. तू म्हणशील, दादाचा घसा राहिला बाजूला आणि हा आभाळात कुठे चालला? तर ताई, रस्ता तिकडूनच आहे. जरा दम धर.

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी उपासना झाली की अर्धा तास शास्त्राभ्यास असतो. या महिन्याचा विषय होता ‘देवदूत, त्यांचं काम आणि त्यांचा अधिकार’. बोलणार होत्या शाळेच्या हेडबाई, पण त्यांचा पाय मुरगळला. आता कोण बोलणार, असं पाळकसाहेबांनी विचारल्याबरोबर अख्खी मंडळी आपापल्या चपला न्याहाळू लागली. मी तेवढा वर बघत होतो, कारण डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता आणि तो पडला तर पहिला माझ्यावर पडणार होता. मी वर बघतोय म्हणजे माझा त्या बाजूशी काहीतरी संबंध असावा, असा पाळकसाहेबांचा समज झाला. झालं, माझं नाव ठरलं. त्यांनी आपल्या कपाटातलं उशीएवढं जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. (पहिले दोन दिवस ते उशीच्याच कामाला आलं.)

ताई, बत्तीस वर्षं मी कोर्टात बेलीफ होतो. समन्स घेऊन जायचं, माणूस शोधायचा, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. माझं वाचन म्हणजे नाव, पत्ता आणि तारीख. त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ‘सिंहासनाच्या अगदी जवळ सराफ उभे असतात, प्रत्येकाला सहा पंख असतात’ असं वाचलं तेव्हा मी उठून बसलो. सराफ? आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकून बसतात ते? त्यांना तिथे पुढची जागा, आणि आम्ही बत्तीस वर्षं उन्हातान्हात सायकल हाणली, ते कुठे उभं राहायचं? मी हिला हाक मारून वाचून दाखवलं. ही म्हणाली, शक्यच नाही, माझी बांगडी झाळायला दिली होती ती अजून वाकडी आहे. अर्ध्या तासाने पान उलटल्यावर कळलं की सराफ हे देवदूतांच्याच एका जातीचं नाव आहे, शब्द जुन्या परक्या भाषेतला आहे आणि त्याचा सोन्याशी काडीचाही संबंध नाही. हिला मात्र ते अजून पटलेलं नाही.

पुढे नऊ पायऱ्या आल्या. जुन्या पंडितांनी देवदूतांचे नऊ वर्ग लावलेत, वरपासून खालपर्यंत. हे मला चटकन कळलं, कारण ही सरळसरळ सेवाज्येष्ठतेची यादी होती. मी ती मोठ्या पुठ्ठ्यावर लाल शाईने उतरवली. असली उतरंड शास्त्रात एका जागी कुठेच दिलेली नाही, ती मागाहून माणसांनी लावली, हेही त्याच पुस्तकात होतं. पण ते पुढच्या पानावर होतं आणि मी ते रविवारी सकाळी दाढी करताना वाचलं. तोवर पुठ्ठा वाळला होता.

सभा सुरू झाली. पुठ्ठा बघून आमच्यातले रिटायर हेडक्लार्क उभेच राहिले. मुख्य देवदूत यादीत आठवा कसा, असं त्यांनी विचारलं. नावात ‘मुख्य’ आणि डोक्यावर सात जण, हा उघडउघड अन्याय आहे म्हणाले. (ते स्वतः मुख्य लिपिक होते आणि त्यांच्या डोक्यावर सातच साहेब होते, हे नंतर कळलं.) त्यात बारा मिनिटं गेली. ते बसतात न बसतात तोच ऑर्गनवाल्या आजींनी हात वर केला, बँडेज बांधलेला. प्रत्येक माणसामागे एक राखणदार देवदूत असतो ना, मग मंगळवारी सव्वाआठला मी न्हाणीघरात घसरले तेव्हा माझा कुठे होता? मी म्हटलं, आजी, होता म्हणून तर डोकं वाचलं. आजींनी जरा विचार केला. ‘‘म्हणजे डोक्याला होता, मनगटाला कोणी नव्हता,’’ असं म्हणून त्यांनी हात खाली घेतला. मागच्या बाकावर खसखस पिकली.

मग मी पुस्तक मिटलं. म्हटलं, जे आपल्याला येतं तेच बोलावं. मी म्हणालो, देवदूत म्हणजे देवाचा बेलीफ. मी समन्स घेऊन गेलो की कोणी मला खुर्ची देई, कोणी कुत्रं सोडी. दोन्ही मान त्या कागदाचे, माझे नव्हेत. कागदामागे न्यायाधीशाचं बळ, म्हणून दारात मला कोणी हलवू शकत नसे. आणि माझा स्वतःचा अधिकार शून्य, म्हणून त्यावरची तारीख एका दिवसाने पुढे ढकलायची मला सोय नव्हती. देवदूताचंही तसंच आहे. कोणी त्याच्या पाया पडायला गेलं तर तो म्हणतो, अरे ऊठ, मीही तुझ्यासारखा चाकरच. पण म्हाताऱ्या जखऱ्या याजकाने ‘तुला मुलगा होईल’ या त्याच्या निरोपावर शंका घेतली, तेव्हा त्याच देवदूताने त्याची वाचा बंद केली, ती मूल जन्माला येऊन त्याचं नाव ठेवीपर्यंत. कारण शंका देवदूतावर नव्हती, धाडणाऱ्यावर होती. आणि देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ एकच, तो प्रभू. देवदूत मधे बसत नाही. निरोप देतो आणि बाजूला होतो. ताई, सगळी सभा पुढे सरकून ऐकत होती. हेडक्लार्कांनी तर पेनाला टोपण लावलं. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं, आणि घात तिथेच झाला. मी हात उंचावून म्हणालो, देवदूत निरोपात पदरचं एक अक्षर घालत नाही आणि असलेलं एक अक्षर गाळत नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून दादा खोकला.

तो त्याचा हल्लीचा कोरडा खोकला, मुद्दाम काढलेला नव्हे. पण माझी बोबडी वळली. हात वरच राहिला, तोंड उघडं राहिलं, शब्द काही येईना. मी प्रार्थनेसाठी थांबलोय असं पाळकसाहेबांना वाटलं, त्यांनी सगळ्यांना उभं केलं. आजींनी एका हाताने ऑर्गन सुरू केला. नंतर तिघाचौघांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की शेवटची ती शांतता फारच परिणामकारक होती. मी घरी येऊन न जेवता पडून राहिलो.

आता मान खाली का ते ऐक. अकरा वर्षांपूर्वी दादाच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी तुझ्या दारात येऊन सांगितलं होतं, ‘‘दादा म्हणतो लग्नात तू गाऊ नकोस, तुझ्या आवाजाचं आता वय झालं.’’ ताई, त्यातलं दुसरं वाक्य दादाचं नव्हे, माझं आहे. तू दार उघडलंस ते इतकं लांब तोंड करून की मला वाटलं, काहीतरी गंमत करावी, तू हसशील. आणि पहिलं वाक्य दादाचं असलं तरी अर्धंच आहे. तो म्हणाला होता, ‘‘सर्दीने तिचा घसा बसलाय, गायचा हट्ट करू नको म्हणावं. नुसती ये आणि माझ्याजवळ बस. पोरगी जाताना मला एकट्याला झेपायचं नाही.’’ हे पुढचं मी बसमध्ये गाळलं. मला वाटलं, बहीण आहे, जवळ बसणारच, त्यात सांगायचं काय? तू उत्तर दिलंस, गाणं काय त्याच्या बापाचं आहे? आणि आयुष्यात तो एकच निरोप मी अक्षरशः जसाच्या तसा पोचवला. (बाप आपला तिघांचा एकच, हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही.)

तू आली नाहीस. दादाच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. मी टेकायला गेलो तर त्याने मला उठवलं. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. चार दिवसांनी सांगणं अवघड झालं, चार महिन्यांनी अशक्य. कोर्टाच्या एकाही कागदात मी बत्तीस वर्षांत कधी फेरफार केला नाही. हा घरचा, बिनकागदाचा निरोप होता, त्याचं मी हे केलं. मला फार वाईट वाटतं, ताई. तुमची अकरा वर्षं मी खाल्ली.

काल दादाने बोलावलं होतं. आवाज आता हंडी खरवडल्यासारखा येतो. म्हणाला, तिला एक निरोप दे. मी जन्मात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं. सांगितलं, निरोप्याच्या परीक्षेत मी नापास आहे, तू तुझ्या तोंडाने सांग. का नापास, ते सांगायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात वहिनीने आमच्यापुढे चहा ठेवला. तेव्हा त्याला काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. तू ये आणि स्वतःच्या कानाने ऐक. रोज सकाळच्या बसला मी स्टँडवर उभा असेन. वाटेत एक शब्द बोलणार नाही.

भावोजींना सलाम. पेपर बाजूला केलाच तर सांग.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. क. – पुढच्या महिन्याचा विषय ‘पतित देवदूत’ आहे. पाळकसाहेबांनी पुन्हा माझंच नाव घेतलं. आमची ही म्हणते, या खेपेला अभ्यास कमी लागेल.

ता. क. २ – एक खरी विनंती. तू ये, बस, काय बोलायचं ते बोल. पण माझ्या त्या पदरच्या वाक्याचं दादाला गुरुवारनंतर सांग. गुरुवारपर्यंत त्याला आवाज आहे. नंतर तो पाटीवर लिहून रागावेल, आणि मी चष्मा घरी विसरून जाईन. एवढी दया कर.

ता. क. ३ – चिमे, अक्षर बदललेलं दिसेल. मी दादा. ऑपरेशनचे कागद द्यायला आला आणि धाकटा हे पत्र माझ्या टेबलावर उघडंच विसरून गेला. सगळं वाचलं. त्याला काय म्हणायचं ते आज संध्याकाळी म्हणणार आहे, डॉक्टर काही म्हणोत. पण अर्धी चूक त्याची नाही. तुझं दार मला ठाऊक होतं. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, आणि अकरा वर्षांत मी एकदाही आलो नाही. हे तोंडाने सांगायचं होतं. लवकर ये. बुधवारी आलीस तरी चालेल, पण मग भांडायला एकच दिवस मिळेल.