न चाखलेला पांढरा रस्सा

सोम., ४ ऑगस्ट, हॅमिल्टन, न्यूझीलंड

श्रावणी सोमवार, उपास. सूनबाईंना पाचवा महिना, अन्नावर वासना नाही. सहज विचारलं, "मिन्जी, डोहाळे कसले लागलेत?" आधी डोहाळे म्हणजे काय ते समजावलं. लाजत म्हणाली, "बाबा, सॉल्लंगथांग." तिची आई कोरियात, बुसानला करते ते बैलाच्या हाडांचं सूप. विचारायची खाज मलाच!

मंगळ., ५

अमोल म्हणतो, "बाबा, तुम्ही लोड नका घेऊ, ऑकलंडहून आणतो." मिन्जी म्हणाली, हॉटेलचं नको. आजही दोन घास खाऊन उठली. माझी बायको सुमन जाऊन चार वर्षं झाली, पण ओट्याशी उभा राहिलो की तीच बोलते. गर्भारशीचे डोहाळे मारू नयेत, म्हणाली.

बुध., ६

ठरलं. करणार. खाणार नाही, चाखणारही नाही. विहीणबाईंनी फोनवर कृती सांगितली, मिन्जीनं इंग्रजीत केली. मिठाचं नावच नाही. पण मीठ किती, हे कोल्हापूरकरानं विचारायचं? चाळीस वर्षं रविवारचा पांढरा रस्सा माझ्या हातचा! मात्र दर वेळी चाखून... बिघडलं तर पोर पुन्हा उपाशी.

खाटकानं "कीआ ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणत हाडं कापून दिली. पिशवी हातभर लांब धरून गाडीत ठेवली. घरी येऊन देव्हाऱ्यातल्या नंदीची माफी मागितली.

गुरु., ७

पहिलं उकळलेलं पाणी फेकलं. हाडं धुऊन परत चढवली, सकाळी सात ते दुपारी चार. पाणी दुधासारखं झालं. नारळ नाही, तीळ नाहीत, नुसती हाडं! चमचा दोनदा तोंडाशी गेला. सवय मेली.

शेवटी अभिमान गिळून व्हिडिओ कॉलवर मीठ विचारलं. विहीणबाई पोट धरून हसल्या. मीठ शिजवताना घालायचंच नसतं! मीठ, मिरपूड, कांद्याची पात टेबलावर, ज्याचं त्यानं घ्यायचं. म्हणजे नैवेद्यासारखं, न चाखता करायचं. उगाच दोन दिवस जीव टांगणीला!

मिन्जीनं भात कालवून दोन वाडगे संपवले. मी सोबत म्हणून मुळ्याचं किमची, म्हणजे त्यांचं लोणचं, खाल्लं. त्यात मासळी असते, हे अमोलनं नंतर सांगितलं. गेला श्रावण. पण मी आज फार खूश आहे.

रवि., १०

उरलेलं गरम केलं. मिन्जी म्हणाली, लहानपणी मीठ आई घालायची. आणि वाडगा माझ्यापुढं सरकवला. घातली चिमूट, अंदाजानं. तिनं घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाली, "बाबा, थोडं..." आणि हसत सुटली. अजून हवं की जास्त झालं, सांगेचना.