मांडीखालची पानं

आत्याबाई, मी कोण हे तरी आता तुमाला आठवतंय का? चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा हुडकायच्या तुमी, तिथं सुनंची काय कथा! मी तुमची थोरली सून. अक्षर मला तवाबी येत न्हवतं, आताबी येत न्हाई. मी बोलतीया आन माझी नात, लेकीची पोर, लिहितीया. पण एक गोष्ट तुमी कवा विसरला न्हाईत, आन तिथंच माझा संशय अडकलाय. एक्का कुठं हाय ते तुमाला कायम ठावं असायचं.

मेढ्याकडच्या आपल्या घरात दुपारी भांडी आवरली की पडवीत घोंगडं पडायचं. मामंजी रानात. तुमच्या लेकानं मिलिट्रीतनं आणलेला पत्त्यांचा जोड, चिंचोक्यांची रास, आन आपण दोघी. तीन-तीन पानं वाटायची. मी उचलून ठिपकं मोजत बसायची. तुमी न बघताच पानं मांडीखाली सरकवायच्या. “आपण बाई आंधळं खेळतो. बघून खेळायला काय छाती लागती?” न बघणाऱ्याला निम्मीच बोली, म्हणून माझं दोन चिंचोकं पडलं की तुमचा एक. दिवस कलंपर्यंत समदी रास तुमच्या ओट्यात. मला वाटायचं, तुमच्या माहेरच्या, सांगलीच्या बाया पत्ते हातात घेऊनच जन्माला येत असतील.

मग माझ्या लेकीची सातवी झाली. पुढची शाळा साताऱ्याला, वसतिगृहात राहून. मामंजी म्हणाले, “बास झालं शिकणं. शेळ्या कोण राखणार?” मी रडून डोळं सुजवलं. दुपारी तुमी घोंगडं टाकलंत. “ये गं, बस. पोरीचा निकाल ह्या डावावर. तू जिंकलीस तर ती साताऱ्याला, मी जिंकले तर शेळ्यांमागं.” पानं उचलून बघते तर सत्त्यांची जोडी. तुमचा हात मांडीखाली. अंगठा एकदा थांबला, पुन्यांदा थांबला. मी हुतं न्हवतं तेवढं चिंचोकं पुढं लोटलं. तुमी पानं न दावताच ढिगात मिसळलीत. “जा. आज माझं नशीब न्हाई.”

मामंजी घरी आल्यावर भडकले. “पत्त्यावर कुठं पोरी शाळंत जात्यात व्हय गं?” तुमी भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, “आवं, वड्याकडचं वावर तुमी पत्त्यावर हरला, तवा डावातला शब्द मोडायचा नसतो म्हणाला हुता. आता मोडता?” मामंजी तंबाखू मळत हुते, ते मळतच राह्यले.

लेक शिकली. आता तुमच्याच सांगलीत मोठी नर्सबाई हाय. आन मी जन्मभर गावाला सांगत आले, लेक मी माझ्या पत्त्यांवर शिकवली म्हणून. परवा नातीनं ट्रंकेतनं तोच जोड काढला. खेळता खेळता म्हणती, “आज्जी, ह्या एक्क्याच्या कोपऱ्याला काय टोचतंय गं?” चाचपून बघितलं तर चारी एक्क्यांना नखाची बारीक खूण. डोळ्याला दिसत न्हाई, अंगठ्याला लागती. बाकी एका पानाला न्हाई. आंधळं खेळत हुत्या म्हणं! आन मग त्या दिवशी दोनदा थांबलेला अंगठा? दोन एक्क्यांपुढं माझ्या सत्त्या काय पुरणार हुत्या?

नात म्हणती, “म्हंजे पणजी मुद्दाम हरली?” मी म्हणलं, “गप लिही. ती बाई फुकट एक चिंचोका सोडत न्हवती.” तवापास्नं डोक्यात भुंगा हाय. ह्यात तुमचा फायदा कुठं हुता, ते हुडकतीया. सापडंना. उलट लेक गेल्यावर शेळ्यांमागं कोण गेलं? तुमीच, काठी घेऊन, गुडघं धरत. मला वाटलं हुतं हरल्याचा दंड भरताय, आन मी मनात हसले हुते.

मी जिंकले न्हवते, एवढं आज कबूल. गावात मात्र सांगायची न्हाई. हे पत्र कुठं धाडू नको गं पोरी, पत्त्यांच्या डब्यात एक्क्यांखाली ऱ्हाऊ दे. आन तुझ्या आईला फोन लाव. ह्या वर्षी पितराच्या जेवणाला पेढं नगंत म्हणावं, साताऱ्याच्या पेढ्याला आत्याबाई नाक मुरडायच्या. सांगलीची भडंग धाड. लसूण जास्त.