पूर्वेकडचं जंगल पडीक नाही

मी, वनखात्याची निवृत्त मोजणीदार, वय एकाहत्तर, हे माझ्या मर्जीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहिते. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे. लिहिताना तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, पण डोकं ठिकाणावर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

घर लेकीला. वरची खोली तिनं भाड्यानं द्यावी, फक्त मामाला ऑफिस थाटायला देऊ नये. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, जमिनीचा दलाल. गावामागचं सरकारी जंगल विकायला निघालं, त्याला गिऱ्हाईक त्यानंच आणलं. माझाच चहा पीत मला म्हणाला, "ताई, कागदावर पूर्वेला पडीकच आहे. तूच लिहिलंयस."

खरं आहे. एकतीस वर्षांपूर्वी वणव्यानंतर तो भाग मी मोजला. जळक्या खोडांना बुडाशी फुटवे आले होते. मी हातानं चाचपले होते. साहेब म्हणाले, "पडीक लिहा, बाई. बढतीची यादी याच आठवड्यात जातेय." मी नकाशावर तसं लिहिलं. बढती मिळाली. आता तिथे भरदुपारीही ऊन जमिनीला लागत नाही.

फुटव्यांची नोंद असलेली मूळ वही मी तेव्हा घरी आणून दडवली. तो गुन्हा कबूल. काल जंगलविक्रीच्या सुनावणीत ती मी स्वतः दिली.

"म्हणजे नकाशावर तुम्ही खोटं लिहिलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

मागून भाऊ पुटपुटला, "पेन्शन घालवणार ही."

पूर्वेचा भाग विक्रीतून वगळला. उत्तरेचा नाही; त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. म्हणून बँकेतली सगळी शिल्लक जंगल वाचवणाऱ्या समितीच्या वकिलाला द्यावी. लेकीनं खुशाल रागवावं, पण सुनावणीला जावं.

होकायंत्र आणि मोजणीची साखळी समितीवर असलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना. सतरावी कडी झिजली आहे, बोटभर सूट धरावी.

भावाला काही नाही, असं लिहून खोडलं आहे. आज सकाळी तो फळं घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "दवाखान्यात कोण नेणार तुला?" म्हणाला. "तूच की," म्हटलं. त्याला वडिलांची आरामखुर्ची द्यावी, एका अटीवर. मी परतले नाही, तर उत्तरेच्या सुनावणीत हे पत्र त्यानं उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. आमच्या घरात मोठा आवाज त्याचाच आहे.

सही: मोजणीदार
साक्षीदार: १. शेजारचे औषधविक्रेते २. वाचनालयाच्या ग्रंथपाल
(दोघांनी माझ्यासमोर वाचून सही केली.)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ४ मार्च, मंगळवार